थोरलं शीड, पोपटी फॉल

रविवारी सकाळी होड्यांच्या शर्यतीचे पंच ठाकोरभाई सुरतेत तापीच्या काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि समोर येईल त्याला एकच प्रश्न विचारायचे, "मोटुं के नानुं?" मोठं की लहान. प्रश्न शिडाबद्दल असायचा. उज्ज्वलाला मात्र तो आपल्या उजव्या खांद्यालाच विचारल्यासारखा वाटायचा. पण उत्तर द्यायचं काम खांद्याकडे नव्हतं, तिच्या नवऱ्याकडे, प्रभाकरकडे होतं, आणि प्रभाकरचं उत्तर ठरलेलं होतं. "मोटुं!" तेही असं खणखणीत, की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनीसुद्धा मान वर करून बघावं.

शर्यत म्हणजे फार काही नव्हतं. कॉजवेमुळे नदी अडते, तिच्या वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं साचून राहतं, आणि त्या पाण्यात दहा-बारा हौशी माणसं आपापल्या होड्या घेऊन रविवार घालवतात. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी हिऱ्यांच्या धंद्यातला, कुणी प्रभाकरसारखा बँकेतून निवृत्त झालेला. मध्येच जलकुंभीचे हिरवे ताटवे वाहत येतात आणि सुकाणूला असे मिठी मारतात की विचारू नका. बक्षीस काय, तर शेवटी वाफवलेल्या डाळीचा गरम सुरती लोचो आणि चहा. जिंकणाऱ्याला आधी वाढायचं, एवढाच त्याचा मान.

तरीही माणसं त्या शिडावरून डोकं शिणवायची. डोलकाठीमागचं मुख्य शीड सगळ्यांचं सारखंच होतं, पण पुढचं शीड मर्जीचं. लहान लावलं तर ते डोलकाठीच्या अलीकडेच संपतं आणि वळताना फारशी कटकट होत नाही. मोठं पार डोलकाठीच्या मागपर्यंत येतं. पडत्या वाऱ्यात होडीला तेच पळवतं, पण दर वळणाला ते सगळं कापड डोलकाठीला वळसा घालून या बाजूचं त्या बाजूला ओढून आणावं लागतं, आणि वारा वाढला की ओढणाऱ्याचा जीव निघतो. मोठ्यानं होडी जास्त पळते, म्हणून ते लावणाऱ्याच्या वेळेत ठाकोरभाई काही मिनिटं वाढवून धरायचे. एकदा तोंडातून गेलं की शर्यत संपेपर्यंत त्यात बदल नाही. "बोलेलुं ते बोलेलुं," हा त्यांचा कायदा होता.

प्रभाकर आणि उज्ज्वलाच्या होडीचं नाव होतं गिरणा. दोघंही चाळीसगावकडची, सुरतेत जन्म गेला तरी नाव द्यायची वेळ आली तेव्हा तापी नाही, गावाकडची नदीच सुचली. घरात दोन शिडांना थोरलं आणि धाकटं म्हणायची पद्धत होती. धाकटं आणल्यापासून पिशवीतच होतं. त्याच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या.

पूर्वी थोरल्याचा दोर प्रभाकर ओढायचा आणि उज्ज्वला सुकाणू धरून बसायची. ते दिवस चांगले होते. तो ओढायचा, ओरडायचा, घामाघूम व्हायचा, आणि ती पदर खोचून ऐटीत होडी चालवायची. मग मागच्या वर्षी त्याला छातीत दुखलं, इस्पितळात नेलं, दोन स्टेंट बसले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की फिरा, हिंडा, होडीतही जा, पण जोराचं काम नको. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी तो जाऊन सुकाणूशी बसला. "तू ओढ गं, मी सांगतो तसं," म्हणाला. थोरलं लावायचं नाही, हे काही त्याच्या तोंडून आलं नाही.

तेव्हापासून उज्ज्वला ओढत होती. सोमवार ते शनिवार ती लिंबायतच्या मराठी शाळेत चौथीच्या वर्गापुढे घसा फोडायची, वर सरकारनं लावलेली घरोघर फिरायची कामं करायची, घरी येऊन प्रभाकरच्या गोळ्या, पथ्याची भाजी, त्याचं चिडणं सगळं सांभाळायची. आणि रविवारी जगाला सुट्टी असताना ती दोराला लटकायची. खांदा इतका दुखायचा की सोमवारी फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता यायचं नाही. मुलं विचारायची, "बाई, तुम्ही खालीच का लिहिता?" ती म्हणायची, मागच्यांना नीट दिसावं म्हणून.

नाही म्हणायला काय झालं होतं, असं कुणीही विचारील. पण तिनं नाही म्हटलं, तर तो धाकटं लावील याची खात्री नव्हती. तो थोरलंच लावील आणि स्वतः ओढील, याची मात्र पुरेपूर खात्री होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं तरी कळतंच. आणि एखाद्या वळणावर, वाऱ्याच्या झोतात, तो दोर हातात धरून खाली बसला तर? तिच्या डोळ्यांपुढे ते चित्र यायचं आणि ती गुपचूप खांद्याला बाम चोळायची.

अशीच एकदा बाम चोळत असताना तिला पँटींची आठवण झाली.

इस्पितळातून आल्यावर प्रभाकर फार बारीक झाला होता. पँटी कमरेवर राहीनात. एका हातानं पँट धरून तो घरभर फिरायचा आणि म्हणायचा, "हे हल्लीचे बेल्ट काही कामाचे नाहीत." एके दिवशी तो झोपलेला असताना उज्ज्वलानं सगळ्या पँटी उचलल्या, डिंडोलीला पुष्पाबाईकडे नेल्या, कमरेत आत घेऊन आणल्या आणि होत्या तशा कपाटात ठेवून दिल्या. पुष्पाबाई तिची थोरली मावसबहीण, घरीच शिलाईचं काम करायची. दुसऱ्या दिवशी प्रभाकरनं पँट चढवली, आरशासमोर उभा राहिला आणि पोटावर थाप मारून म्हणाला, "बघ, काही बारीक-बिरीक झालेलो नाही मी." उज्ज्वला स्वयंपाकघरात पळाली आणि तोंडात पदर कोंबून हसली. हसता हसता थोडी रडलीही.

पँटी खपल्या, तर शीड का खपू नये? तो म्हणू दे की मोटुं. मोटुं म्हणूनच लावू दे. फक्त थोरलं जरा कमी थोरलं असलं की झालं.

पुष्पाबाईच्या पुढच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. मार्केटातून रिक्षानं यायचे, फॉल-लेस लावून रिक्षानंच परत जायचे. त्या ढिगातून वाट काढत उज्ज्वलानं शिडाची पिशवी आत आणली आणि जमिनीवर ते पांढरं कापड पसरलं. अख्खी खोली भरली, तरी एक टोक ओट्यावर चढलं.

"हाई काय शे वं?" पुष्पाबाईनं मशीन थांबवून अहिराणीत विचारलं.

"शीड शे, होडीनं. ही मांगली कड कापी टाक. वरथून खाल लगून, इतली."

"आनि पाव्हनाले काय सांगशी?" तिनं प्रभाकरबद्दल विचारलं.

"काहीच नही."

पुष्पाबाईनं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "पँटीसनं काही बोलना का तो?"

"नही."

"मंग झायं," पुष्पाबाई म्हणाली आणि कात्री शोधायला उठली.

शनिवारी शाळा सुटल्यावर उज्ज्वला पिशवी न्यायला गेली, तेव्हा पिशवी तोंड बांधून तयार होती. दोर अडकवायची पितळी कडी ताडपत्रीवाल्याकडून पुन्हा बसवून आणली होती. "पक्कं करी दिनं. आते जिंदगीभर उसवस नही," पुष्पाबाई म्हणाली. उज्ज्वलाला उघडून बघायचं त्राण नव्हतं. सकाळपासून ती उभी होती, डोकं ठणकत होतं, आणि पिशवी हातात आल्यावर तिला कुणीतरी अर्धा खांदा परत केल्यासारखं वाटलं. ती तशीच रिक्षात बसली.

रविवारी थंडीचं छान ऊन पडलं होतं. वारा सकाळी बेताचाच होता, पण उज्ज्वलाला ठाऊक होतं, उत्तरेकडून येणारा हा वारा ऊन चढलं की चढतो. दातांच्या डॉक्टरनं ते ओळखून नानुं सांगितलं. बाकी बऱ्याच जणांनी आळस करून तेच सांगितलं. ठाकोरभाईंची मान गिरणाकडे वळली.

"मोटुं!" प्रभाकर म्हणाला.

तो सुकाणूशी बसला. उज्ज्वलानं पिशवीचं तोंड सोडलं, शिडाचं टोक अडकवलं आणि वर चढवायला लागली. हातभर चढल्यावर तिला काहीतरी हिरवं दिसलं. आधी वाटलं, जलकुंभीचं पान चिकटलं असेल. आणखी चढवलं तर हिरवंही आणखी चढलं. शीड पूर्ण वर गेलं, वाऱ्यानं भरलं, आणि त्याच्या मागच्या कडेला वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंदीचा पोपटी पट्टा उन्हात झळकायला लागला.

पुष्पाबाईनं फॉल लावला होता. साडीचा फॉल, पोपटी. कापडाची कड कापली की तिला फॉल लावायचा, हे त्या बाईच्या हाताला इतकं भिनलेलं होतं की ते कापड नेसायचं नाही, याचा विचार करायला ती थांबलीच नसणार. पांढरा फॉल घरात नसणार, समोरच्या गठ्ठ्यात पोपटी असणार. तिनं तो लावला, आणि लावला तो असा सफाईनं, की एक टाका वाकडा नाही.

शीड चढवायचा दोर उज्ज्वलानं घाईघाईनं खुंटीला बांधून टाकला.

"प्रभाकरभाई!" शेजारच्या होडीतून हिरेवाला ओरडला. "होडीने साडी पहेरावी के शुं?" होडीला साडी नेसवली म्हणे! सगळी नदी हसली. ठाकोरभाई तर खुर्चीतून उठून बघायला लागले.

उज्ज्वला मागे न बघता दोर घट्ट धरून बसली. आता आकाश कोसळणार, असं तिला वाटत होतं. प्रभाकर होडीत ओरडण्यासाठी प्रसिद्ध होता. घरात मवाळ, बँकेत तर म्हणे फारच मवाळ, पण पाण्यावर आला की त्याचा आवाज फुटायचा. ती वाट बघत राहिली. मागून काहीच आवाज येईना, तेव्हा तिनं हळूच मान वळवली. तो वर बघत होता. त्या पट्ट्याकडे, मग कडीकडे, मग डोलकाठीच्या मागे जिथपर्यंत कापड पोचायला हवं होतं आणि पोचत नव्हतं, त्या रिकाम्या जागेकडे. मग त्यानं तिच्याकडे बघितलं.

"वळायचंय," एवढंच म्हणाला. "तयार राहा."

ती तयार राहिली. होडी वळली आणि कापड सरकन डोलकाठीपुढून निघून पलीकडे गेलं. तिनं दोर ओढला, एकदा, दोनदा, आणि शीड जागेवर बसलं. एवढंच? तिनं हाताकडे बघितलं. एरवी या पहिल्याच वळणावर तोंडाला फेस यायचा.

पुढे वारा चढला, अगदी तिला वाटला होता तसा. थोरलं लावलेल्या दोन होड्या एका कुशीवर पडायला लागल्या, आतली माणसं दोराशी झगडायला लागली, एकीचं वळण तर इतकं फसलं की ती जलकुंभीत जाऊन उभी राहिली. गिरणा मात्र सरळ चालली होती, पोपटी काठ मिरवत. शेवटची खूण ओलांडली तेव्हा त्यांच्यापुढे फक्त दातांचा डॉक्टर होता.

लोचोच्या ताटल्या भरल्या जात होत्या. ठाकोरभाई प्रभाकरजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आ तो मोटुं नथी, प्रभाकरभाई. मिनिट काढी नाखुं? बीजा नंबरे आवो छो."

वाढीव मिनिटं काढून टाकायची, म्हणजे त्यांनी स्वतःहून आपला कायदा मोडायची तयारी दाखवली होती, हे ऐकून उज्ज्वलाला पहिल्यांदा धीर आला. सोपं होतं. त्यानं फक्त हो म्हणायचं होतं. लहान होतं, असं म्हणायचं आणि दुसऱ्या नंबरचा लोचो खायचा.

"मोटुं बोलेलो," प्रभाकर म्हणाला. "रहेवा दो."

मिनिटं वाढली आणि गिरणा पार खाली गेली. लोचो येईपर्यंत गार झाला होता. उज्ज्वलानं तो तसाच खाली ठेवला. तिला रागसुद्धा नीट येत नव्हता. सगळा वेळ, सगळी ताकद, ती शिडाची लपवाछपवी, आणि शेवटी हा माणूस जिथं होता तिथंच, एक इंचही हलला नाही. पुढच्या रविवारी तो नवं थोरलं शिवून घेईल आणि आपण पुन्हा लटकू, एवढंच तिला दिसत होतं.

परतताना ॲक्टिवा तीच चालवायची. आजारपणानंतर त्यानं मागे बसायला सुरुवात केली होती, "मला जरा नदी बघत येता येते" अशी सबब सांगून. शिडाची पिशवी दोघांच्या मध्ये होती.

"पुष्पाला सांग," मागून आवाज आला, "शिलाई छान झालीय. पँटींपेक्षा छान."

उज्ज्वलानं गाडी बाजूला घेतली. मागून येणारा रिक्षावाला काहीतरी बोलून गेला. ती खाली उतरली आणि नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

"तुम्हाला पँटींचं माहीत होतं?"

"अगं, कमरेला टाका टोचत होता. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग आरशासमोर ते सगळं काय होतं?"

प्रभाकर पिशवीच्या नाड्याशी खेळत होता. "तू एवढ्या सगळ्या शिवून आणल्यास. म्हटलं, तुला बरं वाटेल."

"आणि शीड? माझा खांदा दुखतो ते?"

तो नदीकडे बघत म्हणाला, "दिसत होतं. बामाचा वास येतो ना रात्री." पुढचं सांगताना त्याचा आवाज बँकेतल्यासारखा अगदी मवाळ झाला. "डॉक्टरांना मी मागच्याच वर्षी विचारलं होतं. धाकट्याचा दोर ओढायला हरकत नाही म्हणाले. थोरलं सोडा, म्हणाले."

"मागच्या वर्षी?"

"मला वाटलं, तू एक दिवस नको म्हणशील. तुझ्यासाठी लहान लावलं, असं मग सांगता आलं असतं ठाकोरभाईंना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभर. वर्षभर हा माणूस तिच्या पाठीमागे सुकाणू धरून बसला होता, तिचा खांदा मोडताना बघत होता, आणि आपण म्हातारे झालो हे तिच्या तोंडून निघावं याची वाट बघत होता. आणि ती त्याच्या छातीची काळजी करत ओढत राहिली होती. तिला भडाभडा बोलावंसं वाटलं. पण तोंड उघडलं तर एकच वाक्य बाहेर आलं.

"मी दमले हो. फार दमले."

भर रस्त्यात ती रडायला लागली. प्रभाकर गाडीवरून उतरला, पिशवी खाली ठेवली, आणि काय करावं ते न सुचून तिचा खांदा धरायला गेला. मग तो दुखरा आहे हे आठवून त्यानं दुसरा धरला. "चुकलं माझं," तो म्हणाला. हे त्यानं याआधी कधी म्हटलं होतं, ते तिला आठवेना. तिचा राग त्यामुळे काही लगेच गेला नाही. घरी गेल्यावर तिनं भाजी फोडणीला टाकली ती भांडी आपटतच, आणि आठवडाभर ती जेवढ्यास तेवढंच बोलली.

पुढच्या रविवारी येणार नाही, असं ती शनिवारपर्यंत म्हणत होती. सकाळी तो दोन्ही पिशव्या घेऊन दाराशी उभा राहिला, आणि ती चप्पल घालून निघाली. त्याला एकट्याला पाठवायचं धाडस अजूनही तिच्यात नव्हतं.

"मोटुं के नानुं?" ठाकोरभाईंनी विचारलं.

प्रभाकर उभा होता. हिरेवाला, डॉक्टर, सगळे बघत होते, पोपटी काठ पुन्हा दिसतोय का म्हणून. त्यानं घसा साफ केला.

"नानुं," तो म्हणाला. खणखणीत काही नव्हतं ते. मग, बहुतेक ठाकोरभाईंनी ऐकलं नसेल असं वाटून, पुन्हा जरा मोठ्यानं म्हणाला, "नानुं. मारा माटे."

माझ्यासाठी. उज्ज्वला होडीत चढली आणि सवयीनं पुढे दोराशी जाऊन बसली. प्रभाकर तिथं आला आणि उभाच राहिला.

"ऊठ," तो म्हणाला. "तुझी जागा मागे आहे."

धाकटं शीड चढलं. वर्षानुवर्षं पिशवीत राहिल्यानं त्याच्यावर घड्यांचे चौकोन उमटले होते, इस्त्री नसलेल्या धोतरासारखे. वारा भरला तसे ते हळूहळू विरायला लागले. उज्ज्वलानं सुकाणू धरलं. कडेला पाठ टेकली, पाय पुढे सोडले, आणि इतक्या दिवसांचा सगळा शीण एकदम अंगात उतरला. हात जड झाले, डोळे मिटायला लागले. पुढे तिच्या नवऱ्याची बारीक झालेली पाठ होती आणि नीट बसलेली पँट होती. दोर त्याच्या हातात होता, आणि तो ओढताना त्याला दम लागत नव्हता, हे तिनं दोन-तीन वेळा नीट कान देऊन ऐकून घेतलं.

"वळायचं का?" त्यानं मागे न बघता विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून थोडं असंच जाऊ द्या."